चौदाव्या दिवसाची रेषा



आज मी एका समितीबद्दल बोलणार आहे. समित्यांबद्दल आपल्याकडे फारसं बरं बोललं जात नाही. प्रश्न भिजत ठेवायचा असला की समिती नेमतात, अशी आपली समजूत आहे आणि ती अनुभवातूनच आलेली आहे. तरीही माणसाच्या जन्मातच हात घालणारं तंत्रज्ञान पुढ्यात येऊन ठेपलं आणि एक अख्खा समाज गोंधळला, तेव्हा सोळा जणांच्या एका समितीनं जे काम केलं ते मला फार मोलाचं वाटतं. नीतीचा विचार करणारी व्यक्ती आणि प्रयोगशाळेत काम करणारी व्यक्ती एका टेबलाशी बसून काय घडवू शकतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. त्याच्या शेजारी मी आपल्याकडची दोन उदाहरणं ठेवणार आहे. ती सुखाची नाहीत.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या रुग्णालयात लुईस ब्राउन जन्मली. आईच्या शरीराबाहेर फलन होऊन जन्माला आलेलं हे जगातलं पहिलं मूल. त्यामागे तिघं होती : शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स, स्त्रीरोगतज्ज्ञ पॅट्रिक स्टेप्टो आणि मुळात परिचारिका असलेल्या, पुढे प्रयोगशाळेचा सगळा भार वाहिलेल्या जीन पर्डी. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल मिळालं, तेव्हा बाकीची दोघं हयात नव्हती.

एडवर्ड्स यांचं एक पाऊल मात्र या जन्माच्याही आधीचं आहे. १९७१ साली, यश अजून सात वर्षं दूर असताना, त्यांनी डेव्हिड शार्प या कायद्याच्या अभ्यासकाला बरोबर घेऊन 'नेचर' या नियतकालिकात एक लेख लिहिला. विषय होता मानवी भ्रूणांवरचं संशोधन आणि समाजाची मूल्यं. हातात दाखवायला मूल नव्हतं, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्याच वर्षी पैसे नाकारले होते, आणि तरी हा माणूस आपल्या कामाचे सामाजिक परिणाम उघड्यावर आणून मांडत होता. प्रश्न कुणीतरी विचारील मग बघू, असा पवित्रा त्यानं घेतला नाही.

प्रश्न तर विचारले गेलेच. या उपचारात एकापेक्षा जास्त भ्रूण तयार होऊ लागले. सगळे गर्भाशयात सोडता येत नाहीत. मग उरलेल्यांचं काय करायचं? गोठवून ठेवायचे, टाकून द्यायचे, की त्यांवर संशोधन करायचं? फलन झालं त्या क्षणी माणूस अस्तित्वात आला असं मानणारे लोक एका बाजूला होते. सुईच्या टोकावर मावेल अशा पेशींच्या पुंजक्याला माणूस म्हणायला तयार नसलेले दुसऱ्या बाजूला. दोघांच्याही म्हणण्यात तळमळ होती. दोघंही एकमेकांना पटवू शकत नव्हते.

जुलै १९८२ मध्ये ब्रिटिश सरकारनं यासाठी समिती नेमली. अध्यक्षपद मेरी वॉर्नॉक यांच्याकडे दिलं. त्या ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान शिकवत, मधली काही वर्षं मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणावरची एक मोठी समिती त्यांनी आधी चालवली होती. सदस्यांत डॉक्टर, वकील, समाजकार्यकर्ते, धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. आणि होत्या ॲन मॅक्लारेन. भ्रूणाच्या वाढीवर त्यांचं आयुष्य गेलं होतं. १९५८ साली जॉन बिगर्स यांच्याबरोबर त्यांनी उंदरांचे भ्रूण शरीराबाहेर वाढवले, मग मादीच्या गर्भाशयात सोडले, आणि धडधाकट पिल्लं जन्माला आली. मेरी वॉर्नॉक यांना जीवशास्त्राचं शिक्षण नव्हतं. मॅक्लारेन यांनी ते दिलं, आणि फक्त त्यांना नाही, सगळ्या समितीला दिलं.

त्यांनी काय शिकवलं ते थोडं जवळून पाहू, कारण सगळं त्यावर उभं आहे. फलनानंतर पहिल्या आठवड्यात पेशी विभागत राहतात, पण त्यांतल्या बहुतेक पेशींपासून बाळ घडत नाही. त्यांची वार होते, आवरणं होतात. दोन आठवड्यांच्या सुमारापर्यंत त्या पुंजक्यातून एक मूल होणार की जुळी होणार हेही पक्कं ठरलेलं नसतं. मग पंधराव्या दिवसाच्या आसपास त्या चपट्या तबकडीवर एक बारीक रेघ उमटते. तिला 'प्रिमिटिव्ह स्ट्रीक' म्हणतात. डोकं कोणत्या बाजूला आणि शेपटाचं टोक कोणत्या बाजूला हे या रेघेनं ठरतं. मज्जासंस्थेची पहिली जुळणी यानंतरची. रेघ एक असली तर मूल एक, दोन असल्या तर जुळी.

मॅक्लारेन यांनी 'माणूस इथे सुरू होतो' असं सांगितलं नाही. ते सांगणं विज्ञानाचं काम नव्हे, हे त्यांना चांगलं कळत होतं. निसर्गात इथे एक सांधा आहे, हवा असेल तर वापरा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि वॉर्नॉक यांचं काम तिथून सुरू झालं. लोकांना कुठेतरी मर्यादा हवी असते, आणि काहीच मर्यादा नसलेल्या समाजाला नीतिमान म्हणता येत नाही, ही त्यांची धारणा होती. पण मर्यादा कशी असावी? 'भ्रूणाला वेदना कळू लागेपर्यंत' अशी घातली तर वेदना कधी कळते यावर वर्षानुवर्षं वाद चालेल. 'अमुक अवस्था येईपर्यंत' म्हटलं तर अवस्था आली की नाही हे संशोधकच ठरवणार. दिवस मात्र कुणालाही मोजता येतात. फलनाची तारीख नोंदवा, चौदा दिवस मोजा, रेघ उमटण्याआधीच थांबा. तपासायला येणाऱ्याला भ्रूणविज्ञान यावं लागत नाही, वही वाचता आली की पुरे.

माझं आजचं सगळं सांगणं याभोवती आहे. रेषा का हवी, हे नीतीनं सांगितलं. रेषा कुठे मारता येईल, हे विज्ञानानं सांगितलं. आणि ती तपासता येईल अशी असली पाहिजे, हे दोघींनी मिळून ओळखलं. तिसरी गोष्ट एकट्या तत्त्वज्ञाला सुचली नसती, एकट्या वैज्ञानिकालाही नाही.

चौदा हा आकडा काही त्यांनी प्रथम उच्चारला असं नाही. अमेरिकेतल्या एका सरकारी नीतिमंडळानं १९७९ सालीच तो सुचवला होता. पण ते मंडळ लवकरच गुंडाळलं गेलं आणि अहवाल धूळ खात पडला. ब्रिटनमध्ये तो टिकला, कारण माणसं मागे उभी राहिली. जुलै १९८४ मध्ये अहवाल आला तो एकमुखी नव्हता. त्याला तीन भिन्नमतपत्रिका जोडलेल्या होत्या. तीन सदस्यांना भ्रूणांवरचं कोणतंही संशोधन मान्य नव्हतं, आणि ते त्यांनी कारणांसह लिहून दिलं. मतभेद छापला गेला, झाकला गेला नाही, म्हणूनच विरोधकांनाही तो अहवाल वाचावासा वाटला असं मला वाटतं.

पुढची सहा वर्षं सोपी नव्हती. १९८५ च्या फेब्रुवारीत खासदार इनॉक पॉवेल यांचं भ्रूणसंशोधन बंद पाडणारं विधेयक संसदेत आलं. त्याच्या बाजूनं २३८ आणि विरोधात ६६ मतं पडली. केवळ वेळ न मिळाल्यामुळे ते बारगळलं. वैज्ञानिक खडबडून जागे झाले. मॅक्लारेन आणि त्यांचे सहकारी खासदारांना भेटू लागले, पत्रकारांना चित्रं दाखवून भ्रूणाची वाढ समजावू लागले, आनुवंशिक आजार असलेल्या कुटुंबांशी बोलू लागले. एप्रिल १९९० मध्ये त्याच सभागृहात संशोधनाच्या बाजूनं ३६४ आणि विरोधात १९३ मतं पडली. कायदा झाला, देखरेखीसाठी स्वतंत्र प्राधिकरण आलं, आणि त्याचा अध्यक्ष डॉक्टर किंवा भ्रूणसंशोधक असता कामा नये असं कायद्यातच लिहिलं गेलं.

त्या काळी कुणालाही भ्रूण शरीराबाहेर चौदा दिवस जगवता येत नव्हता. एक-दीड आठवड्यापलीकडे कुणाची मजल नव्हती. म्हणजे रेषा आधी आखली गेली आणि तंत्रज्ञान तिथवर नंतर पोहोचलं. २०१६ साली केंब्रिज आणि न्यूयॉर्क इथल्या दोन प्रयोगशाळांनी भ्रूण बारा-तेरा दिवसांपर्यंत वाढवले, आणि पुढे वाढताहेत असं दिसत असताना प्रयोग थांबवले. वॉर्नॉक अहवालाला तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती.

आता आपल्याकडे वळते.

लुईसच्या जन्मानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात एक मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते स्वतंत्रपणे साधलं होतं. भ्रूण गोठवून ठेवून नंतर गर्भाशयात सोडण्याची जी पद्धत त्यांनी वापरल्याचं सांगितलं, ती पुढे जगभर रूढ झाली. राज्य सरकारनं त्यांच्यासाठीही समिती नेमली. या विषयात काम केलेला माणूस त्या समितीत नव्हता. समितीनं त्यांचं म्हणणं खोटं ठरवलं. जपानमधल्या परिषदेला जायची परवानगी मिळाली नाही, शेवटी नेत्रविभागात बदली झाली. जून १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

ही कथा आपण सहसा नोकरशाहीच्या छळाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण वॉर्नॉक समितीशेजारी ठेवली की आणखी एक गोष्ट दिसते. कोलकात्याच्या समितीला अधिकार होता, शिकण्याची इच्छा नव्हती. तिनं मुखोपाध्यायांना आरोपीसारखं उभं केलं. ॲन मॅक्लारेनना त्यांच्या समितीनं शिक्षकासारखं ऐकलं. शिवाय कोलकात्यात नीतीचे प्रश्न कुणी काढलेच नाहीत. हे खरं की खोटं, एवढ्यावरच सगळं अडलं. उरलेल्या भ्रूणांचं काय, आईवडिलांची संमती कशी घ्यायची, मुलाची ओळख किती जपायची, हे प्रश्न १९७८ सालीच आपल्या दारात उभे होते.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूच्या प्रयत्नांनी मूल जन्मलं आणि ते भारतातलं पहिलं म्हणून नोंदलं गेलं. पुढे आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणं वाचली आणि १९९७ साली जाहीरपणे सांगितलं की पहिला मान आपला नाही, त्यांचा आहे. विज्ञानातला सचोटीचा इतका लखलखीत प्रसंग आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवा. पण कायदा? केईएममधल्या त्या जन्मानंतर पस्तीस वर्षांनी, २०२१ साली आला. मधल्या काळात होती ती भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २००५ सालची मार्गदर्शक तत्त्वं. ती न पाळणाऱ्यावर कारवाई करायला कायद्याचा आधार नव्हता.

दुसरं उदाहरण जास्त दुखरं आहे आणि ते आपल्या घरातलं आहे.

सोनोग्राफीचा उगम ग्लासगोतला. प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी धातूतले तडे शोधायचं यंत्र पाहिलं, टॉम ब्राउन या तरुण इंजिनिअरला हाताशी धरलं आणि १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये गर्भाच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. किती बायकांचे जीव या यंत्रानं वाचवले याची गणती नाही. भारतात मात्र गर्भलिंगनिदान सुरू झालं ते आधी गर्भजलपरीक्षेनं. सत्तरच्या दशकात सरकारी रुग्णालयांत आनुवंशिक दोष शोधण्यासाठी ती आली आणि मुलगी आहे असं कळल्यावर गर्भपाताची मागणी होऊ लागली. तेव्हा काही तज्ज्ञांना यात गैर वाटलं नाही, उलट कुटुंबनियोजनाला मदतच होईल असं त्यांनी मांडलं. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. सरकारनं आपल्या रुग्णालयांत मनाई केली आणि धंदा खासगी दवाखान्यांत गेला. लोकल गाड्यांत जाहिराती लागल्या.

१९८५-८६ च्या सुमारास मुंबईत गर्भलिंगनिदानाविरोधी मंच उभा राहिला. त्यात स्त्रीचळवळीतल्या कार्यकर्त्या होत्या, आरोग्यावर काम करणारे डॉक्टर होते, वैज्ञानिक आणि वकील होते. आपल्याकडे 'नीतिशास्त्रज्ञ' अशी पाटी लावून कुणी बसलेलं नव्हतं, पण ते काम या लोकांनी केलं. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मुलाखती घेतल्या, तर त्यांतले बेचाळीस लिंगनिदानासाठी गर्भजलपरीक्षा करत होते. १९८८ साली महाराष्ट्रानं कायदा केला. देशातला पहिला. १९९४ साली केंद्राचा आला. तोही कपाटात राहिला, म्हणून 'सेहत' आणि 'मासूम' या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्यानंतर कुठे यंत्रांची नोंदणी सुरू झाली, २००३ मध्ये कायदा सुधारला गेला.

या सगळ्या काळात काय झालं? महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. सुबत्ता असलेल्या जिल्ह्यांत चित्र जास्त वाईट. कोल्हापूरचा २००१ चा आकडा ८३९.

आता रेषेचा प्रश्न इथे लावून पाहा. मंचातल्या लोकांपुढे खरं कोडं होतं. १९७१ च्या कायद्यानं बाईला सुरक्षित गर्भपाताची वाट मिळाली होती, आणि ती वाट बंद व्हावी असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. म्हणजे रेषा गर्भपातावर मारता येत नव्हती. यंत्रावर मारावी तर तेच यंत्र बाळंतपणातले धोके दाखवतं. मग उरली एकच जागा : सांगणं. गर्भाचं लिंग सांगायचं नाही. नैतिकदृष्ट्या ही रेषा अचूक होती, आणि त्या काळात त्याहून चांगली कुणालाच सुचली नसती, असं मी मनापासून मानते.

पण ती तपासता येत नाही. दवाखान्याच्या भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी असते. आत अंधारी खोली, पडदा डॉक्टरकडे वळवलेला, बाहेर बाकावर सासू बसलेली. डॉक्टर हसला, पेढे की जिलेबी एवढं विचारलं, की झालं. साक्षीदार नाही, कागद नाही. म्हणून कायद्याचा सगळा भार प्रत्येक तपासणीची नोंद करणाऱ्या एफ फॉर्मवर आला. फॉर्म नीट भरला नाही म्हणून प्रामाणिक डॉक्टर खटल्यात अडकले, तर सगळे रकाने चोख भरणारे सुटले. डॉक्टर आणि कार्यकर्त्या यांच्यात जी तेढ आहे तिचं मूळ मला इथे दिसतं. एकीकडे 'आम्हाला गुन्हेगार समजतात', दुसरीकडे 'तुम्ही आपल्या लोकांना पाठीशी घालता'.

२००९-१० मध्ये कोल्हापूरला जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी, म्हणजे आपले कथालेखक देशमुख यांनीच, सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडायला लावला. तपासणीचं चित्रीकरण त्यात साठतं. रेडिऑलॉजिस्ट संघटना रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा घेऊन उच्च न्यायालयात गेली. २०११ साली न्यायालयानं प्रशासनाच्या बाजूनं कौल दिला. अदृश्य रेषा दिसती करण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न होता, आणि त्यात तंत्रज्ञ सामील होता, म्हणून मला त्याचं अप्रूप आहे. पण ते यंत्र पडद्यावरचं चित्र टिपतं, खोलीतला शब्द टिपत नाही. शिवाय बाईच्या पोटातली चित्रं कुणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. त्याला उत्तर शोधायला रेडिऑलॉजिस्ट, इंजिनिअर आणि स्त्रीसंघटना एकत्र बसायला हव्या होत्या. ते एकमेकांसमोर आले ते न्यायालयात, वकिलांच्या तोंडून.

मी निवृत्तीनंतर एका संस्थेच्या नीतिसमितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. निम्मे सदस्य बाहेरचे हवेत, अध्यक्ष बाहेरचा हवा, सर्वसामान्यांतला एक माणूस हवा, असे आपले नियम आहेत आणि ते चांगले आहेत. अडचण वेळेची आहे. फाइल आमच्याकडे येते तेव्हा निधी मंजूर झालेला असतो, उपकरणाची ऑर्डर गेलेली असते. सुपारी फुटल्यावर पत्रिका जुळवायला बोलवावं, तशी आमची गत. मग आम्ही संमतिपत्राचं मराठी सुधारतो. तेही गरजेचं आहे, पलूससारख्या गावातल्या बाईला कळेल असं लिहिलेलं असलं पाहिजे. पण प्रयोगाची आखणी बदलेल असा प्रश्न विचारायची ती वेळ नसते. तरुण संशोधक आम्हाला परवानगीची खिडकी समजतात, आणि त्यांना दोष मी देणार नाही, आम्ही त्यांना दुसऱ्या कुठल्या जागी भेटतच नाही.

आणि काळ थांबलेला नाही. १९९७ साली डेनिस लो यांनी दाखवलं की गर्भाचा डीएनए आईच्या रक्तात तरंगत असतो. त्यावरून निघालेली चाचणी दहाव्या आठवड्यापासून करता येते. डाउन सिंड्रोमसारख्या दोषांची शक्यता त्यातून कळते, गर्भजलपरीक्षेतला गर्भपाताचा धोका बहुतेकींना टळतो. लिंगही कळतं. आता अंधारी खोली लागत नाही, सील करायला सोनोग्राफीचं यंत्र नाही. दंडातून काढलेलं रक्त एका नळीत घालून कुरिअरनं पाठवता येतं, हद्दीपलीकडेही. आपला कायदा या चाचणीलाही लागू आहे, पण त्याची नजर अजून खोलीवर आणि यंत्रावर आहे.

इथे मात्र विज्ञान आपल्याला एक सांधा देऊ करतंय. ही चाचणी वाचणारा माणूस नसतो, संगणकाची प्रणाली असते. लिंगगुणसूत्रांची माहिती अहवालात छापलीच जाणार नाही, प्रयोगशाळेतल्या कुणाला पडद्यावर दिसणारही नाही, आणि कुणी ती उघडली तर नोंद पुसता येणार नाही, अशी प्रणाली बांधता येते. लिंगगुणसूत्रांशी जोडलेले काही आजारही असतात, त्यांच्यासाठी ती माहिती कुणी आणि कशी उघडायची, हे ठरवावं लागेल. ते एकटा प्रोग्रामर ठरवू शकत नाही. ज्या कार्यकर्त्यांनी चाळीस वर्षं या प्रश्नात घातली त्यांना अशा प्रणाली कशा चालतात हे दाखवायला हवं, आणि प्रणाली बांधणाऱ्यांना त्या बाकावर बसलेल्या सासूची आणि आत झोपलेल्या सुनेची गोष्ट ऐकायला हवी.

पुणे आणि मुंबईत जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत, संगणक अभियंते आहेत, स्त्रीआरोग्यावर काम करणाऱ्या संस्था आहेत, आणि मुंबईतूनच १९९३ पासून वैद्यकीय नीतीवरचं एक नियतकालिक निघतं आहे. आपापल्या शहरात ही मंडळी एकमेकांपासून लोकलच्या दोन-चार स्टेशनांच्या अंतरावर काम करतात. सभागृहात त्यांतले काही बसलेले मला इथून दिसताहेत. प्रश्नोत्तरांची वेळ आयोजकांनी राखून ठेवली आहे. माझी विनंती आहे की त्या वेळात मला प्रश्न विचारण्याऐवजी तुम्ही एकमेकांना विचारावेत : अहवालातून लिंग वगळणारी प्रणाली तुमच्या प्रयोगशाळेत आज कुणी तपासते का, आणि तपासायचं ठरवलं तर कुणाकुणाला बोलवावं लागेल.